पाणी फेकायचं नाही, गाळायचं: खानदेशातल्या एका गल्लीतला डेंग्यू

अमळनेर-पारोळा पट्ट्यातलं हे गाव. घरांची ओळख उघडी पडू नये म्हणून गावाचं आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत. गोष्ट एका पावसाळ्यातली आणि एकाच गल्लीतली आहे, पण अशी गल्ली जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कुठेही सापडेल. डेंग्यूबद्दल लोकांना काय ठाऊक असतं, काय पटतं आणि त्यातलं हातून काय घडतं, याचा इतका स्पष्ट नमुना मला दुसरीकडे पाहायला मिळाला नाही. म्हणून तो सविस्तर मांडतो आहे.

गाव आणि त्याचं पाणी

गावाला पाणी नदीकाठच्या विहिरीवरून येतं. वीज असेल तेव्हा उंच टाकी भरायची आणि गावाचे भाग पाडून आळीपाळीनं सोडायचं, अशी पद्धत. पावसाळ्यातसुद्धा एका गल्लीची पाळी आठ-नऊ दिवसांनी येते, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. पाणी सुटायची वेळ ठरलेली नाही. त्यामुळे निंदणीला निघालेली बाई, आज पाणी येणार अशी कुणकुण लागली की दिवसाची मजुरी बुडवून घरी थांबते. आलेलं पाणी मग मिळेल त्यात भरून ठेवते. ओट्याला लागून सिमेंटची टाकी, तिच्या शेजारी दोनशे लिटरचे निळे ड्रम, दाराशी रांजण, मोरीत कोठी. गुरं असतील त्या घरी त्यांच्या पाण्याची दगडी डोण वेगळी. धाब्याच्या घरांवर माती धरून ठेवायला किंवा ताडपत्री उडू नये म्हणून जुने टायर टाकलेले असतात.

यात कुलरची भर पडते. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यामुळे कुलर ही इथे चैन उरलेली नाही. पहिला पाऊस झाला की त्याचं बटण बंद होतं, पण तळाचं पाणी बहुतेक घरांत तसंच राहतं. पुढे खिडकीतून येणारे पावसाचे शिंतोडे त्यात जमत राहतात.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला यापेक्षा चांगलं घर दुसरं नाही. त्याची मादी घाण पाण्याकडे फारशी फिरकत नाही. तिला माणसाच्या वस्तीतलं, साठवलेलं, हलत नसलेलं स्वच्छ पाणी लागतं. पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला ती अंडी चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी पुन्हा चढलं की फुटतात. अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास पावसाळी उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवसांत पुरा होतो, कधी आणखी लवकर. नळाची पाळीही आठ-नऊ दिवसांचीच. या प्रकरणातला सगळा पेच या दोन आकड्यांत आहे.

ताप आला तो असा

श्रावणाच्या सुरुवातीला सुरतेला कामाला असलेला गल्लीतला एक तरुण तापानं फणफणत घरी आला. खानदेशातून सुरतेला जाणं-येणं इतकं नेहमीचं आहे की कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. तालुक्याच्या ठिकाणी तपासणी झाली, एनएस-१ ही डेंग्यूची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली, आणि आठवड्याभरात तो बरा होऊन परतला. गल्लीनं सुटकेचा श्वास सोडला. आजार सुरतेहून आला होता, सुरतेला गेला, असंच सगळे धरून चालले.

पुढे दोन-अडीच आठवडे शांतता होती. मग एका आठवड्यात चार-पाच घरांत ताप निघाला, तोही अशा माणसांना ज्यांनी गेल्या कित्येक महिन्यांत तालुक्याचं गावही ओलांडलं नव्हतं. शांततेचा हा काळ लोकांना फसवतो, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा. रुग्णाला तापाच्या पहिल्या दिवसांत चावलेला डास लगेच आजार देऊ शकत नाही. विषाणू डासाच्या अंगात वाढून त्याच्या लाळेपर्यंत पोचायला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. असा डास पुढच्या माणसाला चावल्यावर ताप यायला आणखी चार ते दहा दिवस जातात. हा डास फार लांब उडत नाही, शे-दोनशे मीटरच्या टापूतच बहुतेक आयुष्य काढतो. तेव्हा एका गल्लीत लागोपाठ ताप निघाला, तर डासही त्याच गल्लीतल्या घरांत वाढलेला असतो. सुरतेहून आलेला मुलगा पहिला रुग्ण असेलही. पण तो आजारी असताना दिवसाही मच्छरदाणीत झोपला असता, तर गल्लीतल्या डासांना विषाणू मिळाला नसता. रुग्णाला मच्छरदाणीत ठेवायचं ते इतरांच्या रक्षणासाठी, ही गोष्ट कुणीच कुणाला सांगितली नव्हती. शिवाय मच्छरदाणी रात्री लावायची असते, हा समज पक्का. एडिस तर दिवसा चावतो, सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी जास्त.

त्या चार-पाच जणांतली एक बाई, तिशीच्या आतबाहेरची, मरता मरता वाचली. तिचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे.

ताप आल्यावर ती जवळच्या खासगी दवाखान्यात गेली. तिथे अंगदुखीसाठी इंजेक्शन मिळालं, बरोबर वेदनाशामक गोळ्या. डेंग्यूची शंका असताना तापाला पॅरासिटामॉल द्यायचं आणि ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळायचं, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पण इंजेक्शन न देणारा डॉक्टर कसला, ही आपल्याकडची धारणा दवाखान्याच्या दोन्ही बाजूंना असते. चौथ्या दिवशी ताप उतरला. ताप उतरला म्हणजे बरं झालं, असं समजून ती कपाशी निंदायला गेली. दुपारी पोटात कळा, उलट्या, हातपाय गार. घरच्यांना वाटलं, ऊन लागलं. संध्याकाळी मात्र ती बोलताना भान हरपल्यासारखी करू लागली, तेव्हा गाडी करून धुळ्याला नेलं. वेळेवर सलाईन लागलं आणि ती बरी झाली.

डेंग्यूत खरा धोका बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान असतो. त्या काळात रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो आणि रक्तदाब कोसळू शकतो. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, अस्वस्थपणा किंवा गुंगी, गार पडलेले हातपाय, यातलं एक जरी दिसलं तरी थेट मोठं रुग्णालय गाठायचं. गल्लीत मात्र सगळी चर्चा पेशींची, म्हणजे रक्तातल्या प्लेटलेटची. "पेशी किती?" हाच प्रश्न जो तो विचारी. पेशी वाढाव्यात म्हणून पपईच्या पानांचा रस काढला जात होता, जळगावहून किवी आणली जात होती. ओआरएस, भाताची पेज, ताक, नारळपाणी यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि रुग्णाच्या अंगात पुरेसं पाणी राहणं तर सगळ्यात महत्त्वाचं. पेशींच्या आकड्यावर नजर खिळली की रुग्ण लघवीला शेवटचा कधी गेला, हे विचारायचं राहून जातं.

लोकांना ठाऊक होतं ते

आशाताई, उपकेंद्राच्या सिस्टर आणि आरोग्य सेवक घरोघर फिरू लागले तेव्हा काही घरांत मी त्यांच्याबरोबर होतो. लोक अडाणी आहेत, त्यांना काही कळत नाही, असं तालुक्याच्या कचेऱ्यांमध्ये सर्रास बोललं जातं. ते खोटं आहे. डेंग्यू डासापासून होतो हे पोरासोरांनाही माहीत होतं. शाळेच्या भिंतीवर "आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा" असं रंगवलेलं होतं आणि ते लोकांना पाठ होतं.

अडचण दोन ठिकाणी होती. पहिली समजुतीची. एका वृद्ध बाईंनी ओट्यावरूनच सांगितलं, "मच्छर तं गटारना शेतस. आमनं पानी चोखं शे." (डास तर गटारातले असतात. आमचं पाणी स्वच्छ आहे.) त्यांच्या दृष्टीनं त्यात तथ्यही होतं. गटारात डास होतातच, फक्त ते वेगळे, बहुतेक क्युलेक्स जातीचे, आणि ते डेंग्यू पसरवत नाहीत. पण या वाक्यात आणखी एक गोष्ट दडलेली होती. खानदेशातल्या घरात बाईचं कर्तेपण तिच्या घासलेल्या हंड्या-कळशांवरून आणि निवळ पाण्यावरून जोखलं जातं. तुमच्या पाण्यात डास वाढतात, असं परक्या माणसानं दारात उभं राहून सांगणं म्हणजे तिच्या घराला घाणेरडं म्हणणं. मग ती टाकीचं झाकण उघडू देत नाही. काही घरांत पाण्यातल्या वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या, तेव्हा उत्तर मिळालं की हे किडे नळातूनच येतात. म्हणजे दोष ग्रामपंचायतीचा.

दुसरी अडचण कोरड्या दिवसाची. कोरडा दिवस म्हणजे साठवलेली सगळी भांडी रिकामी करून, घासून, वाळवायची. रोज पाणी येणाऱ्या घराला हे जमतं. नवव्या दिवशी नळ येणाऱ्या घराला पाचव्या दिवशी ड्रम ओता म्हणायचं कसं? "पानी फेकी दिधं तं पेवाले काय?" (पाणी फेकून दिलं तर प्यायला काय?) हा एका आक्कांचा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो. त्यावर कुठल्याच पत्रकात उत्तर नव्हतं. लोक मग समोर हो म्हणत आणि करत काहीच नसत. अहवालात याची नोंद "नागरिकांचा प्रतिसाद कमी" अशी होते. हा शेरा अन्यायाचा आहे. सल्ला लिहिणाऱ्यानं नळाची पाळी विचारात घेतली नव्हती, आणि तिचा जाब मात्र ज्या बाईला वीस-वीस हंडे भरून ठेवावे लागतात तिला द्यावा लागत होता.

धूर आणि औषध

गावाची मागणी एकच होती, धुरळणी करा. सरपंचांनी पाठपुरावा करून यंत्र आणवलं. संध्याकाळी धूर सोडत माणूस गल्लीतून गेला, पोरं मागे पळाली, लोकांना बरं वाटलं. कुणीतरी काहीतरी केल्याचं डोळ्यांना दिसलं. मी त्या वेळी गल्लीतच होतो. यंत्राचा आवाज ऐकताच एकेक दार धाडधाड बंद होत गेलं. स्वयंपाक चालू होता, धुराचा वास बसेल म्हणून. एडिस डास तर घरात, खाटेखाली, टांगलेल्या कपड्यांमागे, कोठीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसतो. धूर फक्त उडते डास मारतो, तेही त्याच्या वाटेत आले तर. ड्रममधल्या अळ्यांना त्याचं काही होत नाही. साथ भडकलेली असताना दारं-खिडक्या उघड्या ठेवून, भांडी झाकून, घरात धूर घेतला तर उपयोग असतो. हे आधी दवंडी देऊन सांगायला हवं होतं.

टेमेफॉस, म्हणजे लोकांच्या बोलण्यातलं अबेट, याची गत वेगळीच झाली. एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम या प्रमाणात ते पिण्याच्या पाण्यातही चालतं, जागतिक आरोग्य संघटनेची त्याला मान्यता आहे. पण वास येतो. लहान लेकरांच्या घरात बायांनी साफ नकार दिला, काहींनी आरोग्य सेवक वळताच ते पाणी गुरांना घातलं. ज्यांनी टाकू दिलं, त्यांना दुसऱ्या दिवशी पाण्यात काही जीव वळवळताना दिसले आणि औषध नकली असल्याची बातमी गावभर झाली. ते कोष होते. अळीनंतरच्या कोषाच्या अवस्थेत डास काही खात नाही आणि टेमेफॉसचा त्याच्यावर परिणाम होत नाही. हे आधी एका वाक्यात सांगितलं असतं तर औषधाची बदनामी टळली असती. पिण्याच्या पाण्यात औषध टाकण्याचा आग्रह पुढे सोडून दिला आणि औषध वापरायच्या टाक्या, डोणी आणि कुलरपुरतं ठेवलं. गुरांच्या हाळात गप्पी मासे सोडले. त्याला कुणाची हरकत नव्हती.

बरणी

वळण आलं ते आशाताईंमुळे. त्या याच गल्लीतल्या सून, आणि त्यांच्याही घरी पाणी आठ-नऊ दिवसांनीच येतं. पत्रकं वाटणं त्यांनी थांबवलं. एका ड्रममधलं थोडं पाणी अळ्यांसकट लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत घेतलं, तोंडाला पातळ फडकं बांधलं आणि ज्या घरचं पाणी होतं त्याच घरच्या ओट्यावर बरणी ठेवली. शाळेतून येता-जाता पोरं बघू लागली. बरणीला टिचकी मारली की अळ्या सरसर तळाला जायच्या, थोड्या वेळानं श्वास घ्यायला एकेक वर यायची. मग त्यांचे स्वल्पविरामासारखे वाकडे कोष झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी फडक्याखाली डास बसलेले होते, काळे, पायांवर पांढरे पट्टे. "चोखं पानी"वाल्या आजीबाई बरणी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच सुनेला हाक मारून टाकीवरचा पत्रा बाजूला करायला लावला.

आशाताईंनी कुणालाही पाणी ओतायला सांगितलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच: "पानी फेकू नका, गाळी ल्या." पाळीच्या मध्यावर, चौथ्या-पाचव्या दिवशी, एका ड्रमचं पाणी जुन्या सुती लुगड्याच्या दुहेरी कापडातून दुसऱ्या ड्रममध्ये गाळायचं. अळ्या आणि कोष कापडात अडकतात, ते कापड उन्हात कोरड्या मातीवर झटकायचं. थेंबभर पाणी वाया जात नाही. रिकामा झालेला ड्रम आतून, विशेषतः पाण्याच्या रेषेपाशी, काथ्यानं खरवडून घासायचा, कारण अंडी तिथे चिकटलेली असतात आणि नुसतं विसळून निघत नाहीत. मग ड्रमच्या तोंडावर कापड ताणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळायचं. कापड ढिलं राहून पाण्याला टेकलं तर त्या ओलीवरच मादी अंडी घालू शकते, म्हणून ताण महत्त्वाचा. ट्यूबच्या पट्ट्या सायकलवाल्यानं फुकट कापून दिल्या.

नळाच्या पाळीला घासणं आणि मध्ये एकदा गाळणं, दोन्ही मिळून डासाचं आठ-दहा दिवसांचं चक्र कुठेतरी तुटतंच. नुसत्या नळाच्या दिवशी घासून भागलं नसतं. उबदार दिवसांत डास त्याच्या आधीच उडून गेला असता.

आणखी एक गोष्ट त्यांनी ओळखली. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे खानदेशातली घरोघरी पुजली जाणारी देवी, बसते. तिच्या आधी खानदेशातलं घर किती लखलखीत होतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. भिंती रंगवल्या जातात, गोधड्या-चादरी धुतल्या जातात, एकूण एक भांडं घासून निघतं. त्या वर्षीची कानबाई होऊन गेली होती, पण पुढच्या वर्षी आशाताईंनी बचत गटाच्या बायकांना आधीच सांगून ठेवलं, की कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू निवडायला बसाल त्याच आठवड्यात टाकी, रांजण, कुलर आणि धाब्यावरचे टायरही त्याच घासाघाशीत घ्या. कानबाईसाठी घर घासायला कुणी नाही म्हणत नाही, आणि हे दिवस डेंग्यूचा हंगाम चढायच्या तोंडावरच येतात. १६ मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिवस पाळला जातो, पण तेव्हा शाळांना सुट्टी असते आणि गावात डासांपेक्षा टँकरची चिंता असते. खानदेशापुरता तरी जनजागृतीचा मुहूर्त कानबाईवर धरायला हवा, असं मी आरोग्य खात्यातल्या ओळखीच्या लोकांना सांगत आलो आहे.

जे झालं आणि जे राहिलं

पुढच्या पावसाळ्यात गल्लीत डेंग्यूचा रुग्ण निघाला नाही. याचं सगळं श्रेय गाळण्याला देणार नाही. एका गल्लीचा, एका हंगामाचा अनुभव आहे, आणि डेंग्यूची साथ एरवीही वर्षाआड कमी-जास्त होते. मात्र सर्वेक्षणात झाकण उघडू न देणाऱ्या घरांत आता बाया स्वतः टॉर्च आणून दाखवतात, हा बदल मी डोळ्यांनी पाहिला आहे. अळ्या नळातून येतात, असं आता कुणी म्हणत नाही.

गल्लीच्या टोकाला स्लॅबच्या घराचं काम अर्धवट थांबलं आहे. मालक पुण्याला असतो. क्युरिंगसाठी, म्हणजे सिमेंटच्या कामावर पाणी मारण्यासाठी, बांधलेल्या टाकीत पाणी साचतं, आणि तिथे जायला कुणाला हक्क नाही. ग्रामपंचायतीनं नोटीस काढली, पुढे काही झालं नाही. उसाच्या आणि वीटभट्टीच्या कामाला जाणारी कुटुंबं घर बंद करून जातात, त्यांच्या रांजणात पाणी तसंच राहतं. ही कुटुंबं निघाली की शेजाऱ्यांनी ते रांजण पालथे घालायचं ठरवलं आहे. काही ठिकाणी ते होतं, काही ठिकाणी विसरतात. दवाखान्यात इंजेक्शन मागणं तर जराही कमी झालेलं नाही. ज्या बाईला धुळ्याला न्यावं लागलं, तिला आता दुसऱ्या प्रकारच्या विषाणूची लागण झाली तर आजार गंभीर व्हायची शक्यता अधिक आहे. डेंग्यूचे चार प्रकार आहेत आणि एकदा झाला म्हणजे सुटलो असं नसतं. हे तिच्या घरच्यांना मी दोनदा समजावून सांगितलं. ताप आला तर पहिल्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचं, असं तिच्या सासूनं मनावर घेतलं आहे.

आणि नळ. बचत गटानं ग्रामसभेत अर्ज दिला आहे, की पाळी निदान पाच दिवसांवर आणा, आणि पाणी सुटायची वेळ आदल्या दिवशी देवळाच्या भोंग्यावरून सांगा. वेळेचं लगेच मान्य झालं, कारण त्याला पैसा लागत नाही. पाळीसाठी दुसरा पंप लागेल, त्याचा प्रस्ताव तालुक्याला गेला आहे.